बर्फानं पेललेला माणूस

एप्रिल संपत आला होता. वैमानिक वॉल्टचं छोटं विमान ब्रूक्स पर्वतरांग ओलांडून पलीकडे उत्तरेला उतरलं, तेव्हा वैदेही आणि परीक्षितच्या मनात नेहमीचंच काम होतं. बर्फ मोजायचा, कॅरिबूंचे कळप बघायचे आणि वॉल्ट परत न्यायला आला की फेअरबँक्सला घरी जायचं. अलास्कात येऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, आणि दर वसंतात ते हेच करत आले होते. वैदेही बर्फाची अभ्यासक होती, परीक्षित प्राण्यांचा. नागपूरला कुणी नातेवाइकानं विचारलं की तुम्ही तिकडे करता तरी काय, तर परीक्षित म्हणायचा, "ही पांघरूण मोजते, मी त्यात कोण कोण झोपतं ते बघतो."

टेकडीच्या कुशीत प्लायवूडची एक खोपटी होती. रॉकेलची शेगडी, निजायला दोन फळकुटं, एक खिडकी. वॉल्टनं सामान उतरवलं, पंख्याच्या वाऱ्यानं बर्फाची धूळ उडवत तो निघून गेला, आणि मग तिथं जी शांतता पसरली ती दोघांच्याही ओळखीची होती. त्या दिवसांत तिकडे अंधार असा पडतच नाही. सूर्य क्षितिजाखाली जेमतेम जातो आणि पुन्हा वर येतो. त्यामुळे भीती वाटायला लागते ती काळोखाची नाही, उजेडाची.

यंदा मात्र काहीतरी बिनसलेलं होतं. जानेवारीत, जेव्हा पाऊस पडायचं काही कारण नसतं, तेव्हा तिथं पाऊस पडला होता. बर्फावर पडलेलं ते पाणी गोठलं, त्याची काच झाली, आणि त्या काचेवर पुन्हा थोडा भुसभुशीत बर्फ येऊन बसला. कॅरिबू खुरांनी बर्फ उकरून खालचं दगडफूल खातात. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचंच भावंड. यंदा खूर काचेवर आपटून घसरत होते. खोपटीपासून हाकेच्या अंतरावर एक मादी मरून पडली होती. तिच्या पुढच्या खुरांच्या कडा रक्ताळलेल्या होत्या. थोड्या अंतरावर कळप उभा होता. एरवी माणूस दिसला की पळणारी ही जनावरं. पण ती नुसती बघत राहिली. बरगड्या मोजता याव्यात अशी.

"खाली अन्न आहे, वर हे उभे आहेत," परीक्षित हळू आवाजात म्हणाला. "मध्ये फक्त काच. किती घाणेरडा जोक आहे यार हा."

वैदेहीनं त्या दुपारी पहिला खड्डा खणला. फावड्यानं बर्फाची उभी भिंत कापली की त्यात सगळा हिवाळा थराथरानं दिसतो. वर वाऱ्यानं दाबलेला थर, मग ती काच, आणि काचेखाली खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे मोठे, सुटे दाणे. तो थर पोकळ असतो. लेमिंग नावाचे बुटके, गुबगुबीत उंदीर अख्खा हिवाळा त्यात बोगदे करून राहतात. वर कितीही गारठा असो, खाली त्यांची ऊब टिकते.

मग तिनं काचेचा टणकपणा मोजला. एक ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून टाकायचं आणि काच कधी फुटते ते बघायचं. हे आकडे कामाचे असतात. लांडग्याचा पंजा पसरट आणि अंग हलकं, त्याला ही काच पेलते. तो तिच्यावरून धावतो. कॅरिबू फसतो. माणूस स्कीवर असला तर तरतो, नुसत्या बुटांनी चालला तर प्रत्येक पावलाला गुडघ्यापर्यंत खाली जातो. वैदेहीला हे पुस्तकातून नाही, पायांनी ठाऊक होतं.

खड्ड्याबाहेर येण्याआधी तिनं काचेचा एक तुकडा उचलून उलटा केला. खालच्या बाजूला ओरखडे होते.

"परीक्षित, हे बघ."

"लेमिंग असेल."

"एवढं रुंद?"

त्यानं हातमोजा काढून त्या ओरखड्यांवर बोटं ठेवली. चारही बोटं त्यात बरोबर बसली. त्यानं हात पटकन काढून घेतला आणि हातमोजा चढवला.

दुसऱ्या दिवशी आभाळ खाली आलं. ढग, जमीन, टेकडी, सगळं एका रंगाचं झालं. अशा उजेडात सावली पडत नाही. समोर चढ आहे की उतार हेसुद्धा कळत नाही. व्हाइटआउट म्हणतात त्याला, दुधाच्या पातेल्यात बसल्यासारखं वाटतं. परीक्षितनं एका मादीच्या गळ्यात मागच्या वर्षी रेडिओचा पट्टा बांधला होता. त्या पट्ट्याचा सिग्नल ओढ्यापाशी येऊन थांबला होता. म्हणजे ती हलत नव्हती.

"जाऊन येतो. ओढा काय, इथंच तर आहे," तो स्की चढवत म्हणाला.

"थांब ना थोडं. क्लिअर होऊ दे."

"मेली असेल तर कोल्हे येतील, मग काही कळणार नाही. तू तुझी लाइन कर. चहाला परत."

तो गेला. काही वेळ स्कीची खसखस ऐकू आली, मग तीही पांढऱ्यात विरली.

वैदेही खोपटीपासून सरळ रेषेत चालत बर्फाची खोली मोजू लागली. हातात खुणा केलेली लांब सळई. ती बर्फात खुपसायची, काच कचकन फुटते, मग दाण्यांतून सळई सळसळत जाते आणि जमिनीला ठक्क लागते. कुठे मांडीपर्यंत, कुठे कमरेपर्यंत. ठक्क. पुढे. ठक्क. हाताला एक लय आली होती.

एके ठिकाणी ठक्क झालं नाही.

सळई जात राहिली. तिची मूठ बर्फाला टेकली तरी खाली जमीन लागेना. खळगा असेल म्हणून वैदेही वाकली, सळई वर ओढायला लागली, आणि ती अडकली. मग खालून कुणीतरी सळई ओढली. जोरानं नाही. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणी आहे का हे बघायला आपण ओढतो ना, तशी. हलकेच. दोनदा.

तिनं हात सोडले. सळई शांतपणे खाली गेली आणि भोक भुरभुरून बुजलं.

"परीक्षित!" ती ओरडली. त्या हवेत आवाज तोंडापासून पुढे गेलाच नाही.

"काय गं?"

तो मागे उभा होता, खोपटीच्या बाजूला. ओढा तर समोर होता. आणि त्याच्या पायांत स्की नव्हत्या.

"तू... इकडून कसा?"

"फिरून आलो."

"स्की कुठं आहेत?"

"तिकडे ठेवल्या."

तो तिच्याकडे चालत आला. वैदेहीची नजर त्याच्या बुटांवर खिळली. बूट काचेवर पडत होते आणि काच फुटत नव्हती. वरच्या भुसभुशीत थरावर ठसासुद्धा उमटत नव्हता. आपलं शिक्षण, आपले सगळे आकडे त्या क्षणी तिला नकोसे झाले. ज्याला हे माहीत नसतं, त्याच्या लक्षातही आलं नसतं.

आत शेगडी पेटलेली होती. रॉकेलचा आणि ओल्या लोकरीचा वास भरला होता. तो फळकुटावर बसला. कोट काढला नाही. तिनं चहा दिला, तो त्यानं हातात धरून ठेवला. त्याच्या तोंडातून वाफ येत नव्हती, तिच्या येत होती. आणि जवळून जाताना तिच्या लक्षात आलं की त्याच्या अंगाला कसलाच वास नाही. घामाचा नाही, लोकरीचा नाही. चोवीस वर्षांच्या संसारात तिला अंधारातही ओळखू येईल असा तो एक वास होता. तो नव्हता.

"मादी मेली होती का?" तिनं विचारलं.

"हो."

"पाडस?"

"तेही."

तो हे सांगताना खाली जमिनीकडे बघत होता. खोपटी ओंडक्यांवर उभी होती. फळ्यांखाली बर्फ साचलेला. त्या फळ्यांखालून टकटक ऐकू आली. थांबली. पुन्हा आली.

"लेमिंग," तो म्हणाला.

वैदेहीनं सॅटेलाइट फोन उचलला. फेअरबँक्सच्या ऑफिसात केदार असायचा, दोघांचा जुना मित्र, त्यांचा सगळा डेटा सांभाळणारा. ती दाराशी जाऊन दबक्या आवाजात म्हणाली, "केदार, वॉल्टला लगेच पाठव. परीक्षित... परीक्षित बरा नाहीये."

"काय झालं? दे त्याच्याकडे."

त्यानं हात पुढे केलेलाच होता. "काही नाही रे," तो फोनवर म्हणाला. आवाज त्याचाच, तो नागपुरी हेलसुद्धा त्याचाच. "व्हाइटआउट आहे. ती दमलीय जरा." मग हसला. कुठे हसायचं तेही त्याला ठाऊक होतं.

फोन परत तिच्या हातात आला तेव्हा केदार समजावत होता, "वैदेही, तो ठीक वाटतोय गं. ढग उठले की वॉल्ट निघेल. तू झोप काढ थोडी."

वैदेही फळकुटाच्या टोकाला बसली. आता विचारायचंच, असं तिनं ठरवलं. त्यांची मुलगी निधी, तिच्या आधी त्यांना एक मूल होणार होतं. झालं नाही. त्याचं नाव दोघांनी ठरवून ठेवलं होतं आणि जगात तिसऱ्या कुणाला कधीच सांगितलं नव्हतं, निधीलासुद्धा नाही.

"निधीच्या आधीचं... त्याचं नाव काय ठेवणार होतो आपण?"

"आर्य," तो म्हणाला. बाहेर किती गार आहे हे सांगावं तसं.

उत्तर चुकलं असतं तर बरं झालं असतं. चुकलं असतं तर तिला पळता आलं असतं.

सळई शोधायला जाते म्हणून ती फावडं घेऊन बाहेर पडली. त्यानं अडवलं नाही. स्कीच्या दोन रेघा ओढ्याकडे गेल्या होत्या. त्या उजेडात त्या दिसाव्यात म्हणून तिला जवळजवळ रांगत जावं लागलं. ओढ्याच्या काठावर रेघा संपल्या. त्याच्या स्की तिथं बर्फात उभ्या रोवलेल्या होत्या, नीट, शेजारी शेजारी. मेलेली मादी नव्हती. पुढे काच अखंड होती. कुठे भोक नाही, भेग नाही.

"परीक्षित..." ती कुजबुजली.

"वैदू?"

आवाज तिच्या पायांखालून आला.

ती पोटावर आडवी झाली, कान काचेला लावला. काच कानाला चटका लावत होती.

"वैदू, तूच ना? इथं काही दिसत नाही गं. नुसते दाणे आहेत... हात मारला की सरकतात."

"मी आहे. मी आहे इथं. हलू नकोस. लागलंय का तुला?"

"सळई धरली होती ना मी? मला वाटलं तू ओढून घेशील..."

तिनं तळहात काचेवर दाबला. मग तो फार हळू म्हणाला, "वैदू... वर तुझ्याबरोबर कोण चालतंय?"

तिनं मान वळवली. तो मागे आला होता. काचेवर उभा होता, हात खिशात घालून.

"त्याला ओ देऊ नकोस," वरचा म्हणाला.

वैदेहीनं डोळे घट्ट मिटले आणि काचेला ओठ टेकवून तोच प्रश्न विचारला. नाव काय ठेवणार होतो? खालून "आर्य" असं आलं, आणि त्यापाठोपाठ रडणं आलं. पुरुष रडायला शिकलेले नसतात तेव्हा जसे रडतात तसं, गुदमरून, थांबवत थांबवत. त्या मुलासाठी परीक्षित कधी रडला नव्हता. आज रडला.

आता काही विचारायचं उरलं नाही. तिनं फावडं उचललं.

काच फुटली. खालचे दाणे तिनं ओंजळीनं, फावड्यानं, कोपरानं बाहेर काढले. कमरेपर्यंत आत गेली. तिथं जमीन लागायला हवी होती, तिथं दुसरी काच लागली. ती फोडली. पुन्हा दाणे. पुन्हा काच. त्या भागात एवढा बर्फ नसतोच, हे तिला माहीत होतं, आणि माहीत असूनही ती डोकं बुडेल इतकी आत उतरली होती. दर काचेला परीक्षितचा आवाज जरा आणखी लांब जात होता.

"इकडे... वैदू, इकडे..."

"बोलत राहा. थांबू नकोस."

"तू खणशील तेवढा तो खाली जाईल," वरून तो म्हणाला. त्यात राग नव्हता, धमकी नव्हती. त्या आवाजात काहीच नव्हतं.

मध्ये एकदा तिनं वर पाहिलं. खड्ड्याच्या काठाभोवती कॅरिबू येऊन उभे होते. माना खाली घातलेल्या, ओल्या नाकपुड्या तिच्या दिशेनं. भुकेली जनावरं उकरलेल्या खड्ड्याकडे येतात, दुसऱ्यानं काढलेलं अन्न मिळेल म्हणून. तो त्यांच्यामध्ये उभा होता आणि एकही जनावर त्याला बुजत नव्हतं. त्यांच्या लेखी तिथं कुणी नव्हतंच.

बोटं सुन्न झाली. फावडं हातातून निसटायला लागलं. मग शब्द यायचे थांबले, नुसती टकटक यायची. मग टकटकही थांबली. वैदेही तरी हात मारत राहिली. किती वेळ, ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. सूर्य कुठेच नव्हता आणि उजेड हलत नव्हता.

वॉल्टच्या विमानाचा आवाज तिनं ऐकलाच नाही. त्यानं तिला काखेत हात घालून बाहेर ओढलं. ती ओरडत होती, खाली माणूस आहे, माझा नवरा खाली आहे. वॉल्ट म्हातारा, भला माणूस. तिचं समाधान व्हावं म्हणून तो स्वतः खड्ड्यात उतरला.

उतरला आणि त्याच्या कमरेपर्यंतच बुडाला. खड्डा तेवढाच होता. तळाशी गोठलेलं गवत होतं, करडं दगडफूल होतं. त्यानं आजूबाजूला आपल्या काठीनं टोचून पाहिलं. ठक्क. ठक्क. सगळीकडे जमीन.

"मॅम," तो तिच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "तुमचा नवरा हा इथं उभा आहे."

वैदेही विमानात बसली. याचं तिला पुढे नवल वाटत राहिलं, की आपण बसलो. ओढलं असतं, बांधलं असतं तर गोष्ट वेगळी. पण हात निकामी झाले होते, खालून आवाज येत नव्हता, आणि शेजारच्या सीटवर परीक्षितचा चेहरा होता. उडताना वॉल्ट पुटपुटला, विमान आज हलकं वाटतंय, काही विसरलो तर नाही ना? तिनं खिडकीला कपाळ टेकलं. खाली कळप त्या खड्ड्यात उतरून खात होता.

तिच्या दोन बोटांची टोकं गेली. डॉक्टरांनी सांगितलं, थंडीनं शरीर गारठलं की माणसाला भास होतात. केदार रोज यायचा, परीक्षितशी गप्पा मारायचा आणि जाताना तिला म्हणायचा, "तुला कुणाशी तरी बोलायला हवं, वैदेही." निधी ओहायोत डब्लिनला नोकरीला होती. ती फोनवर म्हणाली, "आई, बाबा किती शांत झालाय गं! आधी अर्ध्यात तोडायचा, आता सगळं ऐकून घेतो." वैदेही हो म्हणाली. लेकीला काय सांगणार? तुझा बाबा तिकडे काचेखाली राहिला, आणि ज्याच्याशी तू बोलतेस तो दिवसभर खिडकीपाशी उभा असतो?

जुलैत ती वॉल्टला घेऊन पुन्हा तिथं गेली. बर्फ वितळून गेला होता. ओढा खळखळत होता, कापसासारख्या गवताची बोंडं वाऱ्यावर डुलत होती आणि जिकडे तिकडे कॅरिबूंची हाडं पांढरी पडली होती. तिनं काठ पालथा घातला. गुडघ्यांवर बसून, जमिनीला कान लावून हाका मारल्या. मातीतून कोण ओ देणार? स्कीसुद्धा सापडल्या नाहीत. त्या दिवशी तिनं आशा सोडली, आणि मग तिला थोडी झोप लागायला लागली. माणूस कशाचीही सवय करून घेतो. ती दोन कप चहा करायची आणि एक ओतून टाकायची.

पुढच्या जानेवारीत फेअरबँक्सला पाऊस पडला.

दोन दिवस पडला. मग पारा उतरला आणि गाव काचेत बसलं. रस्ते, गाड्या, अंगणातला गुडघाभर बर्फ, सगळ्यावर जाड, चकचकीत काच. दुपारी सूर्य जेमतेम टेकड्यांच्या वर आला तेव्हा परीक्षितच्या रूपातला तो घरात दिसेना, म्हणून वैदेही खिडकीशी गेली. तो अंगणात उभा होता. बिनकोटाचा, तोंड रस्त्याकडे करून. त्याच्या पायांखाली काच अखंड होती. हे तिला अपेक्षितच होतं.

समोरच्या घराचं दार उघडलं. तिथं एक वयस्कर जोडपं राहायचं. बाई चांगली जाडजूड, कालच तिच्या नवऱ्यानं तिला हाताला धरून गाडीतून उतरवलं होतं. ती आता एकटीच बाहेर आली. अंगात नुसता घरातला झगा, पायांत काही नाही. पायऱ्या उतरली आणि अंगणातल्या बर्फावरून चालत निघाली. ती लांडग्यासारखी हलकी चालली होती. एकाही पावलाला काच फुटली नाही. मध्यावर येऊन ती थांबली आणि तोंड रस्त्याकडे करून उभी राहिली.

वैदेहीनं नजर वर नेली. समोरच्या घराच्या खिडकीत त्या बाईचा नवरा उभा होता. दोन्ही तळवे काचेला लावलेले. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, ते वैदेही गेले कित्येक महिने आरशात पाहत आली होती.

त्यानंही तिला पाहिलं. दोघांतल्या कुणीच हात हलवला नाही. मग त्यानं सावकाश पडदा ओढून घेतला.